एचआयव्ही : गोळी रोजची, खंड नको, राज्य बदललं तरी औषध तेच

बेळगाव, प्रतिनिधी : शुगर निघाली म्हणून कुणी गाव सोडत नाही. बीपीची गोळी सुरू झाली म्हणून सोयरीक मोडत नाही. एचआयव्हीचा रिपोर्ट आला की मात्र आजही घरात कुजबुज सुरू होते, ताट-वाटी वेगळी काढली जाते, आणि माणूस दवाखान्याऐवजी आधी तोंड लपवायची जागा शोधतो. औषधं गेल्या वीस वर्षांत कुठल्या कुठे पुढे गेली, आपली समजूत मात्र नव्वदच्या दशकातल्या भिंतीवरच्या जाहिरातीपाशीच थांबली आहे. यात आम्हा बातमीदारांचाही वाटा आहे. ‘एड्सग्रस्त’, ‘एड्सचा विळखा’ असे मथळे आम्हीच वर्षानुवर्षे दिले.

आजची वस्तुस्थिती अशी आहे की, एचआयव्ही हा मधुमेहासारखा आयुष्यभर सांभाळायचा आजार झाला आहे. वेळेवर तपासणी झाली आणि औषध रोज घेतलं, तर माणूस जवळजवळ इतरांइतकंच आयुष्य जगू शकतो. मृत्यू होतात ते बहुतेक वेळा दोन कारणांनी : तपासणी फार उशिरा झाली म्हणून, नाहीतर सुरू असलेल्या औषधात खंड पडला म्हणून. कामासाठी सतत या राज्यातून त्या राज्यात जाणाऱ्या आपल्या भागातल्या माणसाला दुसरं कारण जास्त लागू पडतं. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

थोडी पार्श्वभूमी

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे ‘नाको’ स्थापन झाली. त्या काळात औषधं होती, पण सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. तीन औषधांचा वर्षाचा खर्च परदेशात दहा हजार डॉलरच्या वर जायचा. २००१ मध्ये सिप्ला कंपनीने हाच संच वर्षाला सुमारे ३५० डॉलरला देण्याची तयारी दाखवली आणि जगभर किमतीचं गणित बदललं. या कंपनीचे कारखाने गोव्यात आणि पुणे जिल्ह्यात कुरकुंभला आहेत.

१ एप्रिल २००४ पासून केंद्र सरकारने निवडक सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार सुरू केले. यालाच एआरटी म्हणतात. सुरुवातीला सीडी-४ पेशींची संख्या एका मर्यादेखाली गेली तरच औषध मिळायचं. २०१७ पासून हा नियम गेला. आता रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की, पेशी कितीही असोत, औषध सुरू होतं.

‘नाको’च्या अंदाजानुसार देशात २५ लाखांहून अधिक लोक एचआयव्हीसह जगत आहेत. प्रौढ लोकसंख्येत हे प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. संख्येने सर्वाधिक लोक महाराष्ट्रात आहेत आणि कर्नाटकही वरच्या राज्यांत आहे. बेळगाव, बागलकोट, सांगली, कोल्हापूर हा पट्टा सुरुवातीपासूनच या आजाराच्या नकाशावर आहे. म्हणजे विषय दूरचा नाही, आपल्याच गल्लीतला आहे.

गोळी नेमकं काय करते?

एचआयव्हीचा विषाणू शरीराच्या संरक्षण करणाऱ्या सीडी-४ पेशींत शिरतो, तिथेच वाढतो आणि त्या पेशी नष्ट करतो. निरोगी माणसात या पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. २०० च्या खाली गेल्या की टीबी, न्यूमोनिया, मेंदूचा ताप असे आजार गाठतात. या अवस्थेला एड्स म्हणतात. म्हणजे एचआयव्ही आणि एड्स एक नव्हे. औषध घेणाऱ्या बहुतेकांना एड्स होतच नाही.

सध्या सरकारी केंद्रांत बहुतेकांना टीएलडी नावाची एकच गोळी मिळते. तिच्यात टेनोफोविर, लॅमिवुडीन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं एकत्र असतात. दिवसातून एकदा, जेवणाआधी किंवा नंतर, पण रोज ठरलेल्या वेळी. पूर्वीच्या स्टाव्हुडीनने गाल बसायचे, हातापायांना मुंग्या यायच्या. झिडोवुडीनने रक्त कमी व्हायचं. इफाविरेन्झने चक्कर आणि विचित्र स्वप्नं. ‘औषध घेतलं की चेहऱ्यावरून ओळखू येतं’ ही भीती त्या काळातली आहे. नव्या गोळीचा त्रास पुष्कळ कमी आहे. काहींना झोप लागत नाही, काहींचं वजन वाढतं. असं झालं तर गोळी बंद न करता केंद्रातल्या डॉक्टरांना सांगावं. नुसती वेळ बदलूनही झोपेचा प्रश्न सुटू शकतो.

गोळी विषाणूची वाढ थांबवते, त्याला शरीरातून कायमचा घालवत नाही. काही विषाणू पेशींच्या आत सुप्त होऊन दडून बसतात, त्यांच्यावर औषध चालत नाही. म्हणूनच गोळी आयुष्यभर घ्यावी लागते.

औषध काम करतंय की नाही हे व्हायरल लोड तपासणीतून कळतं. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूचं प्रमाण किती, ते यात मोजतात. उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्यात आणि त्यानंतर वर्षातून एकदा ही तपासणी मोफत होते. आकडा १००० च्या खाली असला तर औषध काम करतंय, आणि यंत्राला सापडेनासा झाला तर उत्तमच. वर्षातून एकदा ‘माझा लोड किती आला?’ हे विचारणं प्रत्येकाचा हक्क आहे. तो आकडा आपल्या पुस्तिकेत लिहून घ्यावा.

खंड पडला की काय होतं?

‘आता बरं वाटतंय, थोडे दिवस बंद करून बघू,’ असं अनेकांना वाटतं. डॉक्टरांनाही एके काळी वाटलं होतं की, मधूनमधून औषधाला सुट्टी दिली तर त्रास आणि खर्च वाचेल. ते पाहण्यासाठी ‘स्मार्ट’ नावाचा मोठा अभ्यास झाला. ३३ देशांतले ५,४७२ लोक त्यात होते. औषध सलग घेणाऱ्यांपेक्षा मध्ये थांबवणाऱ्यांत गंभीर आजार आणि मृत्यू यांचं प्रमाण अडीच पटीहून जास्त निघालं. हृदय, यकृत, मूत्रपिंड यांचे आजारही त्यांच्यात वाढले. अखेर २००६ मध्ये ती पद्धत तिथेच थांबवावी लागली.

गोळी बंद झाली की बहुतेकांच्या रक्तात विषाणू दोन ते चार आठवड्यांत पुन्हा वाढू लागतो. माणसाला मात्र काहीच जाणवत नाही. महिने जातात, पेशी घटतात आणि एक दिवस टीबी होऊनच तो दवाखान्यात येतो. शिवाय कधी घ्यायची, कधी सोडायची असं चाललं, तर विषाणूला औषधाची सवय होते. मग दुसऱ्या फळीची औषधं लागतात आणि त्यात गोळ्या जास्त, त्रासही जास्त.

आणखी एक गोष्ट. टीएलडीतली दोन औषधं हिपॅटायटिस-बी या काविळीवरही चालतात. ज्याला दोन्ही आजार आहेत, त्याने गोळी अचानक बंद केली तर कावीळ उसळून यकृताला धोका होऊ शकतो.

राज्य बदललं तरी औषध तेच

समजा, खानापूर तालुक्यातला एक तरुण म्हापशाला हॉटेलात कामाला आहे. औषध सुरू झालं बेळगावच्या केंद्रात. गोळ्या आणायला यायचं म्हणजे एक दिवसाचा खाडा, एसटीभाडं वेगळं, आणि दर वेळी मालकाला काय सांगायचं हा प्रश्न. सीझनमध्ये सुट्टी मिळत नाही. एक महिना चुकतो, मग दुसरा. ‘आता गेलो तर मॅडम रागावतील,’ म्हणून तिसऱ्या महिन्यात तो जातच नाही. मराठवाड्यातून आपल्याकडच्या साखर कारखान्यांवर येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांतल्या माणसाचं, किंवा निपाणीहून इचलकरंजीला मागावर जाणाऱ्याचंही असंच होऊ शकतं.

इथे एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात घ्यावी. एआरटी हा केंद्राचा कार्यक्रम आहे. बेळगावचं बिम्स म्हणजे आपलं सिव्हिल, कोल्हापूरचं सीपीआर, गोव्यातलं बांबोळी, सगळीकडे औषधं ‘नाको’च्याच कार्यक्रमातली, आणि मोफत. राज्य बदललं म्हणून औषध बदलत नाही. त्यासाठी तीन सोयी आहेत :

- कायमची बदली : कामाचं गाव बदललं तर आपल्या केंद्रातून ट्रान्सफरचं पत्र घ्यावं आणि नव्या केंद्रात नाव नोंदवावं. नोंदी आता संगणकावर असल्याने नव्या केंद्राला जुनी माहिती मिळते.
- तात्पुरती सोय : लग्नकार्य, यात्रा, हंगामी काम यासाठी परगावी असताना गोळ्या संपल्या, तर जवळच्या एआरटी केंद्रात उपचाराची हिरवी पुस्तिका दाखवून तात्पुरतं औषध घेता येतं. निघताना पुस्तिकेचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.
- जास्त महिन्यांचं औषध : ज्याची तब्येत स्थिर आहे आणि लोड आटोक्यात आहे, त्याला एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये याच सोयीने अनेकांचा उपचार टिकला. टोळीबरोबर निघायच्या आधी हे आवर्जून विचारावं. शिवाय तालुक्याच्या अनेक दवाखान्यांत लिंक एआरटी केंद्रं आहेत, तिथूनही गोळ्या मिळतात.

ओळखीचं कुणी बघेल म्हणून मुद्दाम लांबचं केंद्र निवडणारेही बरेच आहेत. त्यांची अडचण खरी आहे. पण पंधरा वर्षं, वीस वर्षं तो प्रवास झेपेल का, याचा विचार पहिल्या दिवशीच करावा.

आणि ज्याचा खंड आधीच पडला आहे, त्याने संकोच न करता परत जावं. रागावणी झाली तरी पाच मिनिटांची. खंडानंतर औषध पुन्हा सुरू करता येतं. मात्र घरातल्या जुन्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नयेत. मध्ये टीबी वगैरे झाला आहे का, हे आधी तपासावं लागतं.

गोळ्यांचा हिशेब

प्रस्तुत बातमीदार कॉमर्सचा, त्यामुळे हिशेबाच्या भाषेत सांगतो. महिन्याला ३० गोळ्या. एक चुकली तर हजेरी साधारण ९७ टक्के, दोन चुकल्या तर ९३. उद्दिष्ट आहे ९५ च्या वर राहण्याचं. म्हणजे महिन्यात चुकून एक, त्याहून जास्त नाही. केंद्रात उरलेल्या गोळ्या मोजतात त्या याच कारणासाठी. संशय म्हणून नव्हे.

वेळ चुकली तर आठवण होताच गोळी घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल, तर एकच घ्यावी. भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नयेत. रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला गोळी जोडली की विसर पडत नाही : सकाळचा चहा, रात्रीची मालिका, मोबाइलचा गजर. गोळ्यांची बाटली ओलसर जागी किंवा चुलीजवळ ठेवू नये. शिल्लक शून्य व्हायची वाट न बघता चार-पाच गोळ्या हाताशी असतानाच केंद्रात जावं.

वय वाढतं, सोबत आजारही

२००४-०५ मध्ये तिशीत औषध सुरू केलेला माणूस आज पन्नाशीत आहे. आता त्याची गाठ शुगर, बीपी, हृदय, मूत्रपिंड यांच्याशी आहे. एचआयव्ही असलेल्यांत हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तंबाखू आणि बिडी त्यात भर घालतात, आणि आपल्याकडे निपाणी पट्ट्यात तर ती घरोघरी. चाळिशीनंतर बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंडाची क्रिएटिनिन तपासणी ठरल्या वेळी करून घ्यावी.

इतर औषधं घेताना ही काळजी घ्यावी :

- शुगर : डोल्युटेग्राविरमुळे मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. त्यामुळे मेटफॉर्मिन दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. शुगरच्या डॉक्टरांना एआरटीबद्दल सांगणं भाग आहे.
- ॲसिडिटी, कॅल्शियम, लोह : पित्ताच्या पातळ औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर टीएलडी घ्यावी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हाच नियम, मात्र त्या जेवणाबरोबर टीएलडीसोबत चालतात.
- टीबी : रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्राविरचा असर कमी होतो, म्हणून टीबीच्या उपचारात बारा तासांनी त्याची आणखी एक गोळी देतात. खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम, यापैकी काहीही असलं तर लगेच सांगावं. एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा आजही सर्वांत मोठा घात टीबीच करतो. टीबी नसेल तर तो होऊ नये म्हणूनही औषध मिळतं.
- अंगदुखीच्या गोळ्या : मेडिकलमधून परस्पर आणलेल्या पेनकिलर रोज घेऊ नयेत. टेनोफोविर चालू असताना मूत्रपिंडाला जास्त जपावं लागतं.
- दुसऱ्या फळीची औषधं : रिटोनाविर चालू असेल तर काही स्टेरॉइड आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या चालत नाहीत. विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

महिलांसाठी एक वेगळी सूचना. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका सुमारे सहा पट असतो. त्रास नसला तरी पंचविशीनंतर दर तीन ते पाच वर्षांनी तपासणी करावी.

मनाचंही बघावं. झोप न येणं, कशातच मन न लागणं, दारू वाढणं, या गोष्टींनी गोळी चुकते. केंद्रातल्या समुपदेशकाशी याबद्दलही बोलता येतं.

‘एड्स मुळापासून बरा’ म्हणणाऱ्या जडीबुटीवाल्यांपासून मात्र दूर राहावं. औषध नियमांनुसार एड्स बरा करण्याचा दावा औषधावर करताच येत नाही. असल्या पुड्यांपायी चालू गोळ्या बंद करणं सर्वांत महाग पडतं.

संसार, जोडीदार, मूल

पती-पत्नीपैकी एकालाच एचआयव्ही असलेल्या १,७६३ जोडप्यांचा ९ देशांत अभ्यास झाला. पुणे आणि चेन्नई ही त्यातली भारतीय केंद्रं होती. लवकर औषध सुरू केल्याने जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटल्याचं २०११ मध्ये दिसलं. पुढच्या अभ्यासांनी चित्र आणखी स्पष्ट केलं : ज्याचा विषाणू तपासणीत सापडत नाही आणि औषध नियमित चालू आहे, त्याच्याकडून शरीरसंबंधातून एचआयव्ही पसरत नाही. हे सुई किंवा रक्ताला लागू नाही. इतर गुप्तरोग आणि नको असलेली गर्भधारणा टाळायला निरोधही हवाच. एका ताटात जेवण, एकच बाथरूम, लेकराचा पापा, यातून एचआयव्ही कधीच पसरत नव्हता.

मूलही होऊ शकतं. काहीच उपचार नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईने वेळेवर औषध घेतलं तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. बाळाला जन्मानंतर काही आठवडे औषध देतात, सहाव्या आठवड्यात पहिली तपासणी आणि अठराव्या महिन्यात अखेरची खात्री. गरोदरपणात सुरुवातीलाच तपासणी करून घेणं म्हणूनच महत्त्वाचं.

कायदा काय म्हणतो?

१९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, केवळ एचआयव्ही आढळला म्हणून, सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेत ६४ दिवस डांबून ठेवलं होतं. सुटल्यावर त्यांनी इतर रुग्णांसाठी संस्था उभी केली. १९९२ मध्ये त्यांचं निधन झालं. तिथून आजच्या कायद्यापर्यंत यायला जवळपास तीस वर्षं लागली. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून देशभर लागू आहे. त्यानुसार :

- एचआयव्हीमुळे नोकरी, शाळा, भाड्याचं घर, दवाखान्यातील उपचार यात भेदभाव करता येत नाही.
- संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. नोकरीसाठी रिपोर्टची अट घालता येत नाही.
- रिपोर्टची माहिती परवानगीशिवाय इतरांना सांगता येत नाही. ठरावीक अपवाद कायद्यातच दिले आहेत.
- तक्रारीसाठी प्रत्येक राज्यात लोकपालाची तरतूद आहे. निर्णय ३० दिवसांत आणि तातडीच्या उपचाराचा प्रश्न असेल तर शक्यतो २४ तासांत द्यायचा आहे.

लक्षात ठेवायचं ते एवढंच

- शंका असेल तर सरकारी दवाखान्यात मोफत आणि गुप्त तपासणी होते. उशीर करू नये.
- औषध रोज. बरं वाटलं म्हणून थांबवू नये.
- गाव बदलण्याआधी केंद्रात सांगावं. हिरवी पुस्तिका जवळ ठेवावी.
- वर्षातून एकदा व्हायरल लोड विचारून घ्यावा.
- दुसरं कुठलंही औषध घेताना डॉक्टरांना एआरटीची कल्पना द्यावी.
- खंड पडला असेल तर आजच परत जावं.

जवळचं केंद्र कुठे आहे, ट्रान्सफर कसं घ्यायचं, याची माहिती ‘नाको’च्या १०९७ या मोफत क्रमांकावर मिळते. नाव सांगायची गरज नाही. आणि ज्यांच्या घरात किंवा ओळखीत असं कुणी आहे, त्यांनी एवढंच करावं : ताट वेगळं न मांडता संध्याकाळी विचारावं, ‘गोळी घेतली का?’ शुगरवाल्याला विचारतो तसंच.